कारण: हललेलं

एमआरआय विभागात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'चाळणी'. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

तीस वर्षं तिने एकच काम केलं. माणसाला त्या गोल बोगद्यात सरकवायचं, डोक्यावर पिंजरा बसवायचा, कानात बोळे घालायचे, हातात घंटीचं बटण द्यायचं आणि काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये सांगायचं, "हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका." आवाज असा, की समोरचा मुकाट्याने ऐके. एकदा एक पैलवानी अंगाचा माणूस बाहेर येऊन म्हणाला होता, "बाई, नाक इतकं खाजलं म्हणून सांगू! पण तुमच्या धाकाने हललो नाही. आयुष्यात बायकोचंसुद्धा एवढं ऐकलं नाही." बायको शेजारीच पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "बाई, तो माइक घरी न्यायला मिळेल का हो?"

तरीही कोणी हललं, तर बाई ते चित्र ठेवत नसत. पुन्हा काढत. इतर तंत्रज्ञ म्हणत, जाऊ द्या, डॉक्टर समजून घेतील. यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "डॉक्टरांनी चित्र बघायचं असतं. समजून कशाला घ्यायचं?" बाहेर कितीही रांग असो, पुन्हा म्हणजे पुन्हा. चाळणी हे नाव पडलं ते त्यातूनच.

घरी दोघीच. ती आणि तिची ताई. ताई आठ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ताई दोन ट्रंका आणि एक शिवणयंत्र घेऊन हिच्या दोन खोल्यांत आली, ती कायमचीच. हिने लग्न केलंच नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न नव्हता. ताई चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. जुन्या काळी शहरातले निम्मे नंबर तिला तोंडपाठ असत, आणि कोण कोणाशी किती वेळ बोलतं हेही. निवृत्त झाली तरी जिभेला निवृत्ती नव्हती. हिने कामावरून येऊन काही बढाई मारली, की ताई भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणे, "हो का?" एवढंच. पण त्या दोन शब्दांत अशी काही टाचणी असे, की बढाईतली हवा फुस्सकन जाई.

फळीवर एक फोटो होता. स्टुडिओतला. बाबा, आई, नऊ वर्षांची ताई दोन वेण्या घालून, आणि आईच्या मांडीवर एक पांढरट धुरळा. बाकी सगळे स्वच्छ, आणि मध्ये कोणीतरी बोट फिरवून पुसल्यासारखं. फोटोवाला म्हणाला होता, पोर हललं, दुसरा काढू. ताई नऊ वर्षांची, पण तिने ठणकावून सांगितलं, राहू द्या, आमची बारकी अशीच आहे. घरी कोणी आलं की ताई तो फोटो दाखवायचीच. "हे बाबा, ही आई, ही मी. आणि हा धुरळा दिसतोय ना, ती आमची बारकी. ही बया जगाला सांगत फिरते, हलू नका म्हणून!"

"ताई, पुरे."

"हो का?"

तर अशा त्या घरात, अशा त्या विभागात, तीन वर्षांपूर्वी एक काम आलं.

डोक्याचा स्कॅन बघून मेंदूत गाठ आहे की नाही हे आपोआप सांगणारी एक प्रणाली बनवायची होती. त्यासाठी एक प्रोग्रॅमर आली. पस्तिशीची, केस आखूड, बोलणं झटपट, टेबलावर कायम तीन पाण्याच्या बाटल्या, तिन्ही अर्धवट प्यालेल्या. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "यंत्राला आपण नियम शिकवत नाही. फक्त चित्रं दाखवतो. ही गाठ, ही गाठ, ही गाठ नाही. हजारो वेळा. मग ते स्वतःच फरक ओळखायला लागतं. त्यामुळे कोणती चित्रं दाखवायची, सगळा खेळ तिथेच आहे."

विभागाचे मोठे डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसले होते. ते सगळे स्कॅन वाचत आणि अहवालावर सही करत. चष्मा कपाळावर, आवाज मऊ. ते म्हणाले, "मग निवड आमच्या बाईच करतील. यांच्या चाळणीतून खडा जायचा नाही."

बाईंना कानापर्यंत लाली आली. तीस वर्षांत बैठकीला त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती.

एका माणसाच्या डोक्याच्या स्कॅनमध्ये दीडशेच्या वर काप असतात. कलिंगडाच्या पातळ फोडी कराव्यात तसे, टाळूपासून मानेपर्यंत. ज्याला गाठ आहे त्याचे, गाठ सगळ्यात स्वच्छ दिसते असे तीन काप निवडायचे. ज्याला नाही त्याचेही तीन. उजवा बाण दाबला की घेतलं. डावा दाबला की टाकलं. टाकलं तर यादीत एका रकान्यात कारण लिहायचं. प्रोग्रॅमरने विचारलं, "एखाद्या चित्राबद्दल खात्री नसेल तर काय करायचं? तुमचा नियम काय?"

बाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "शंका आली की टाका."

प्रोग्रॅमरने ते तसंच टिपून घेतलं. पुढे सूचनांचा एक कागद छापून संगणकाशेजारी चिकटवला गेला, त्यात चौथी सूचना होती: शंका आली की टाका. आपलं वाक्य छापील अक्षरांत बघून बाई खूश झाल्या. संध्याकाळी ताईला त्यांनी सांगितलंसुद्धा.

"हो का?" ताई म्हणाली. "मग त्या यंत्राला आता तुझ्यासारखीच नाकं मुरडायची सवय लागणार."

जुन्या एक्स-रे फिल्मा ठेवायच्या खोलीत बाईंना टेबल दिलं होतं. खोलीला खिडकी नव्हती, आणि भिंतींना अजून रसायनाचा आंबूस वास होता. रोज दुपारी दोन ते पाच. सहा वर्षांतले स्कॅन, नावं काढलेले, नुसते आकडे. बाई डोळ्यांत तेल घालून बघत. कोणाच्या दातातल्या धातूने अर्धा चेहरा काळा करून गिळलेला असे. डावा बाण. कारण: धातू. कोणाचा स्कॅन मध्येच थांबवलेला. डावा बाण. कारण: अर्धवट. आणि सगळ्यात जास्त ते हललेले. माणूस हलला की चित्रात कवटीच्या कडेपासून वलयं उठतात, तळ्यात खडा टाकल्यासारखी, आणि ती मेंदूवर पसरतात. डावा बाण. कारण: हललेलं.

नावं काढलेली असली तरी काही चित्रं बाईंना ओळखू येत. माणसाचा चेहरा विसरत, डोकं विसरत नसत. एकदा असंच एक आलं. एक गृहस्थ होते, मान सतत थरथरणारी. चार वेळा स्कॅन काढला होता. पाचव्या वेळी ते रडवेले होऊन म्हणाले होते, "बाई, मी हलत नाही हो. ती आपोआप हलते." तेव्हा बाईंनीही हात टेकले होते. मोठ्या डॉक्टरांनी त्या वलयांच्या आड डोळे बारीक करकरून शोधली होती ती गाठ, आणि ती खरी निघाली होती. बाई त्या चित्राकडे थोडा वेळ बघत राहिल्या. गाठ होती. दिसत होती म्हणायला दिसत होती. पण स्वच्छ? नाही.

डावा बाण. कारण: हललेलं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय चुकलं? बाईंच्या हिशेबी काहीच नाही. ज्या कामात त्यांचे केस पांढरे झाले, तिथे वाईट चित्र टाकून दिल्याने कोणाचं नुकसान होत नसे. माणूस तिथेच टेबलावर असे. पुन्हा चित्र काढलं की झालं. टाकणं म्हणजे त्या माणसाला आणखी एक संधी देणं. यादीतल्या माणसांना मात्र पुन्हा काढायला कोणी नव्हतं. ती टाकली म्हणजे गेली. हा फरक बाईंच्या लक्षात आला नाही, आणि बैठकीतल्या शिकल्यासवरल्या कोणाच्याही आला नाही.

आठव्या महिन्यात प्रोग्रॅमर दारात उभी राहिली. "बाई, एक पंचाईत आहे. गाठीवाले पुरेसे झाले. निरोगीच कमी पडतायत."

"दवाखान्यात निरोगी माणूस येईल कशाला?"

"तेच ना! तुम्ही निरोगींचेही इतके टाकलेत... त्यातले थोडेसे हललेले चालवून घेऊया का? नाहीतरी त्यांच्यात बघायला काही नाहीच."

बाईंना ते रुचलं नाही. पण कारण पटण्यासारखं होतं. जिथे गाठच नाही, तिथे चित्र जरासं हललं तर बिघडलं काय? दोन आठवडे बसून त्यांनी टाकलेल्यांतले दोनशे बारा निरोगी परत घेतले. गाठीवाल्यांना मात्र चाळणी तीच.

प्रणाली तयार झाली. चाचणी झाली, ती अर्थातच बाईंनी निवडलेल्याच स्वच्छ चित्रांवर. शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं बरोबर. टाळ्या झाल्या, चहा झाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "यंत्राची आई कोण, तर आमच्या बाई." मग ती प्रणाली बाईंच्याच काचेमागच्या संगणकावर बसली. स्कॅन संपला की कोपऱ्यात ठिपका येई. लाल म्हणजे संशय, लगेच डॉक्टरांकडे. हिरवा म्हणजे 'काही आढळलं नाही', तो सावकाश वाचायच्या ढिगात. ठिपक्याखाली खात्री किती टक्के तेही येई. रोजचे साठ-सत्तर स्कॅन, डॉक्टर एकटे. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ताई एक दिवस म्हणाली, "बारके, ते दे गं."

"काय?"

"ते... ज्याने कापतात ते."

"सुरी?"

"तीच. म्हातारी झाले बघ. शहराचे नंबर पाठ होते, आता सुरीचं नाव आठवेना."

दोघी हसल्या. पण पंधरा दिवसांत कंगवा गेला, किल्ली गेली, शेजारणीचं नाव गेलं. वस्तू समोर दिसे, शब्द येत नसे. ताई हवेत बोटं नाचवी, जणू जुन्या स्विचबोर्डावर योग्य भोक शोधतेय.  बाईंनी रजा टाकली नाही, कोणाला विचारलं नाही, सरळ ताईला घेऊन विभागात गेल्या आणि मोठ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन स्वतःच्या हाताने तिला टेबलावर झोपवलं.

ताईला जुना दमा. उताणं झोपलं की खोकला उसळे. पिंजरा बसवताना ती म्हणाली, "यात माणसं घालतेस होय तू? आणि वर पगार घेतेस?"

"ताई, आता बोलायचं नाही. हलायचं नाही. खोकला आला तर बटण दाब."

काचेमागे येऊन त्यांनी माइक दाबला. "हलू नकोस, ताई." आयुष्यात पहिल्यांदा माइकमध्ये त्यांचा आवाज जरासा कापला.

यंत्र खटखटू लागलं. दुसऱ्या मिनिटाला खोकला आला. थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा कशीबशी एक मालिका पूर्ण झाली, आणि घंटी वाजायला लागली. वाजतच राहिली. ताईने बटण धरूनच ठेवलं होतं. आत जाऊन बघतात तर ताईचे ओठ निळसर, डोळ्यांतून पाणी. "काढ मला," ती म्हणाली. "बारके, काढ."

इंजेक्शन देऊन पुढची चित्रं घ्यायची अजून बाकी होती. पडद्यावर जी होती त्यांत वलयंच वलयं. दुसऱ्या कोणाचंही असं चित्र बाईंनी ठेवलं नसतं. बसवलं असतं, पाणी दिलं असतं, पाठ चोळली असती आणि म्हटलं असतं, पुन्हा. पण त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं.

हिरवा ठिपका. काही आढळलं नाही. खात्री: शहाण्णव टक्के.

बाईंचा जीव भांड्यात पडला. हे यंत्र त्यांनी वाढवलं होतं. त्याला त्यांनीच एकेक चित्र भरवलं होतं. त्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा? त्यांनी ताईला बाहेर काढलं, मिठी मारली. "काही नाहीये, ताई. स्वच्छ आहे डोकं."

"हो का?" ताई धापा टाकत म्हणाली. "रिकामं म्हण की."

तो स्कॅन हिरव्या ढिगात गेला. नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी वाचला. अहवालात लिहिलं, हालचालीमुळे चित्रं मर्यादित, ठळक दोष दिसत नाही. सही. वयामुळे असेल, ताणामुळे असेल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या. बाईंनी गोळ्या दिल्या. चार महिने, न चुकता, दुपारच्या जेवणानंतर.

चार महिन्यांत ताईची भाषा घरातून एकेक सामान हलवावं तशी हलली. आधी नावं गेली. मग लांब वाक्यं. शेवटी शेजारणीशी भांडतानासुद्धा तिला शब्द पुरेनात, तेव्हा ती रागाने रडली. एका सकाळी बाई कामाला निघायच्या तयारीत असताना स्वयंपाकघरात भांडं पडलं. जाऊन बघतात तर ताई फरशीवर, उजवं अंग झटके देतंय, आणि दूध तिच्या केसांखाली पसरतंय.

या वेळी भूल देऊन स्कॅन काढला. तो बाईंना काढू दिला नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या, जिथे रोज नातेवाईक बसतात. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे हे त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी बाईंना आत नेलं, खुर्ची दिली. मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, जिथे शब्दांचं घर असतं तिथे लिंबाएवढी गाठ होती. कडा विसविशीत, आजूबाजूला सूज.

"काढता येईल?"

"थोडी. सगळी नाही. मुळं लांब गेलीत."

"चार महिन्यांपूर्वी सापडली असती तर?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुसत बसले. बाईंनी त्यांच्या हाताखालचा माउस ओढला आणि जुना स्कॅन स्वतःच उघडला. आता कुठे बघायचं ते माहीत होतं. अठ्ठ्याऐंशीवा काप. वलयांच्या आड, वाटाण्याएवढं, राखाडीत राखाडी. होतं. थरथरत्या मानेच्या त्या गृहस्थांचं होतं तसंच. दिसत होतं म्हणायला दिसत होतं.

"सही माझी आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "हिरवा बघितला आणि मी... दोन मिनिटंही दिली नाहीत." त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. पण खरेपणाने काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाई प्रोग्रॅमरच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिने ताईचा जुना स्कॅन प्रणालीत चार प्रकारे घालून बघितला होता. डोळे सुजलेले होते.

"सांग," बाई म्हणाल्या. "मला समजेल असं सांग."

"बाई, बसा ना."

"उभीच बरी आहे."

प्रोग्रॅमरने बाटलीशी चाळा केला. "यंत्राने जेवढी गाठीची चित्रं बघितली, तेवढी सगळी स्वच्छ होती. एकही हललेलं नाही. आणि हललेली जी बघितली, ती सगळी निरोगींची. ते दोनशे बारा. त्यामुळे ते... गाठ बघायच्या आधी ते वलयं बघतं. वलयं दिसली की म्हणतं, निरोगी. तेही अगदी खात्रीने."

"म्हणजे जो हलेल त्याला ते बरा म्हणणार."

"सगळ्यांनाच नाही, पण... हो."

"कोण हलतं, माहीत आहे तुला?" बाईंचा आवाज अगदी शांत होता, माइकमधल्यासारखा. "ज्याला दुखतं तो हलतो. ज्याला झटके येतात, ज्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही, तो हलतो. गाठ असलेलाच हलतो गं. तीस वर्षं मी हेच बघितलं. आणि मीच..."



प्रोग्रॅमर म्हणाली, दोनशे बारा परत घ्या म्हणणारी मी होते, चाचणी स्वच्छ चित्रांवर घेतली ती मी, चूक माझी. बाईंनी मान हलवली. दोष वाटून घेतल्याने त्यांच्या वाटणीचा कमी होत नव्हता. त्यांनी विचारलं, "टाकलेली चित्रं आहेत का अजून? आज बसते. सगळी परत घालते."

"चित्रं पुसली, बाई. काम संपल्यावर रुग्णांची माहिती ठेवायची नाही असा करारच होता. यादी तेवढी आहे, पण तिच्यातले आकडे आता कुठल्याच मूळ स्कॅनशी जुळवता येत नाहीत. आणि..." ती अडखळली. "ही आवृत्ती अकरा दवाखान्यांत बसली आहे. मी आमच्या कंपनीत कळवलंय. पुढची आवृत्ती येईल तेव्हा बदलू म्हणतात. वर्ष तरी लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर हललेली चित्रं नीट तपासा, अशी एक सूचना पाठवणार आहेत."

बाईंना कागदावरची ती चौथी सूचना आठवली. अकरा दवाखान्यांत अकरा भिंती असतील, त्यांवर हीही चिकटेल.

त्यांनी यादी मागून घेतली आणि त्या खिडकी नसलेल्या खोलीत जाऊन उघडली. गाठ असलेले, टाकलेले, कारण हललेलं: तीनशे चाळीस. त्यांनी मोजायला नको होते, पण मोजले. तीनशे चाळीस वेळा तोच शब्द, त्यांच्याच बोटांनी टंकलेला. काही ठिकाणी घाईत दोन रकाने खाली ओढून नुसता चिकटवलेला. थरथरत्या मानेच्या गृहस्थांचा आकडा कोणता, ते त्यांना आठवेना. चित्रं नव्हती, तर आकडे सगळे सारखेच दिसत होते.

ताईची शस्त्रक्रिया झाली. थोडी गाठ निघाली, आणि तिच्याबरोबर उरलेसुरले शब्दही निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, पाच महिने, फार तर सहा. बाईंनी रजा घेतली. त्या ताईला भरवत, केस विंचरत, पाठ चोळत. रोज ठरवत, आज सांगायचं. सगळं सांगायचं. ताई रागावेल, टोमणा मारेल, तोंड फिरवेल. काय ते करू दे, पण तिला कळायला हवं की हे वयाने झालं नाही, नशिबाने झालं नाही, हे मी केलं. रोज ठरवत आणि रोज म्हणत, आज ती दमली आहे, उद्या. ज्या बाईने कधी कोणाला उद्यावर सोडलं नव्हतं, तिने तीन आठवडे असे ढकलले.

तोवर ताईकडे दोनच शब्द उरले होते. पाणी दिलं की म्हणे, "हो का." खिडकी उघडली की, "हो का." दुखतंय का विचारलं तरी, "हो का." सूर तोच, जुना. म्हणून ऐकणाऱ्याला वाटे, आत ताई अजून शाबूत आहे.

एका दुपारी बाई पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या आणि बोलायला लागल्या. यादी, बाण, चौथी सूचना, दोनशे बारा, तीनशे चाळीस, हिरवा ठिपका. "दुसऱ्या कोणाला मी सोडलं नसतं, ताई. पुन्हा काढला असता. तू काढ म्हणालीस आणि मी... मला घाई झाली गं, तू बरी असण्याची." बोलता बोलता त्यांनी ताईचा हात इतका घट्ट धरला, की बोटं पांढरी पडली.

ताई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "हो का."

बाई वाट बघत राहिल्या. टाचणी लागते का ते बघत राहिल्या. लागली असती तर बरं झालं असतं. काहीच लागलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले, कारण चारची वेळ झाली होती. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी रोजचा सराव दिला होता: ओळखीचे फोटो दाखवा, बोट ठेवायला लावा, नाव तुम्ही घ्या. त्यांनी फळीवरचा फोटो काढला, काच पदराने पुसली आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईचं बोट हळूहळू फिरलं. बाबांवर थांबलं. "बाबा," बाई म्हणाल्या. आईवर थांबलं. "आई." दोन वेण्यांवर थांबलं, आणि ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसल्यासारखं. "तू," बाई म्हणाल्या. "ही तू, ताई."

मग बोट आईच्या मांडीवरून सरकलं. त्या पांढरट धुरळ्यावरून गेलं, आणि न थांबता चौकटीपर्यंत पोचलं.

"थांब." बाईंनी तिचं बोट धरून हलकेच मागे आणलं आणि धुरळ्यावर ठेवलं. "आणि हे? इथे कोण आहे?"

ताईने मान खाली घालून नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. बाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही. त्या अजिबात हलल्या नाहीत.

मग ताईने बोट सोडवून घेतलं आणि फोटो बाजूला सारला. त्यात बघण्यासारखं आणखी काही नव्हतं.